दिव्यापाशी कोण होतं?

बुवांचं खरं नाव मी सांगणार नाही. तुम्ही ते विचारलेलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही ही सवय मला त्यांच्याच घरात लागली. 'बुवा' हे नाव ठेवलं माझ्या मामीने. तिने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते समुद्रावरून परतताना: अंगात टॉवेलच्या कापडाचा जुनाट झगा, पाय अनवाणी, पांढरी दाढी निथळतेय, आणि बाहेर ऑक्टोबरचा वारा. मामी म्हणाली, "ह्ये कुठलं बुवा म्हनायचं?" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आयुष्यभर विमा कंपन्यांची वकिली केलेल्या आयरिश माणसाला हे नाव! मी त्यांना अर्थ समजावून सांगितला तर म्हणाले, ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत झकास. त्यांना सगळंच ग्रँड असायचं. छप्पर गळलं तरी ग्रँड, सर्दीने नाक चोंदलं तरी ग्रँड.

ते माझे घरमालक. मी तेव्हा त्यांच्या देशात मास्टर्स संपवून चेरीवूड नावाच्या उपनगरातल्या एका ऑफिसात चिकटले होते आणि राहायला खोली शोधत होते. इथे खोली शोधणं म्हणजे दाखवण्याचा कार्यक्रमच असतो. नटूनथटून जायचं, घरमालकासमोर बसायचं आणि आपले गुण सांगायचे. समुद्रकाठच्या डून लेरीला स्टेशनपासून चढावर बुवांचं घर होतं. मी सगळं पाठ करून गेले होते: सिगरेट ओढत नाही, पार्ट्या करत नाही, फोडणी देते पण खिडकी उघडून देते. दोन वाक्यं झाली नसतील, त्यांनी हात वर केला.

"हे मी विचारलं का?"

मी म्हटलं, नाही. मग त्यांनी छताकडे बघत एकच प्रश्न विचारला. सकाळी गातेस का? मी नाही म्हटलं आणि खोली मिळाली. माझी मैत्रीण बाहेर उभी होती, तिला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारून घेतला. ती अठरा कागद जोडून अजून शोधत होती.

पुढे एकदा चहा पिताना मी त्यांना छेडलंच, की मी चोर निघाले असते तर? तेव्हा त्यांनी मला त्यांचा धंदा समजावला. विमा घेताना माणसाने काय काय सांगायचं, यावर कोर्टात पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली. पूर्वीचा नियम असा, की कंपनीने विचारो न विचारो, जे महत्त्वाचं ते सगळं गिऱ्हाइकाने आपणहून सांगायचं. घर जळालं की कंपनी उकरून काढणार: तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं, चला, विमा रद्द. आता साध्या घरगुती गिऱ्हाइकासाठी कायदा बदलला. कंपनीने नेमका प्रश्न विचारायचा, माणसाने खरं उत्तर द्यायचं, संपलं. "हे घर मात्र जुन्या नियमाच्या कमाईवर उभं आहे," असं म्हणून त्यांनी भिंतीवर थाप मारली. ते हसले, पण मला ते हसू काही फार खरं वाटलं नाही.

माणूस तऱ्हेवाईक म्हणजे किती! रोज सकाळी समुद्रात डुंबायला जायचे. नाताळ असो, वादळ असो, एक दिवस चुकवला नाही. छत्री वापरायचे नाहीत. फ्रिजवर चिठ्ठ्या लावायचे, त्यात शब्दांच्या व्याख्या असायच्या. 'दूध म्हणजे भाडेकरूने स्वतः आणलेले दूध. घरमालकाने आणलेले दूध यात धरलेले नाही, मात्र घरमालकाचे संपल्यास धरावे.' जगात असा लबाड कागद कोणी लिहिला नसेल. आणि जुन्या खटल्यांची कागदपत्रं ते ओव्हनमध्ये ठेवायचे. होय, ओव्हनमध्येच. स्वतः कधी काही भाजत नसत, आणि घराला आग लागली तर आतले कागद वाचतील हा हिशोब.

मला हे कोण सांगणार? दिवाळीत नानकटाई करावी म्हणून मी ओव्हन लावला आणि वर जाऊन आईशी फोनवर बोलत बसले. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. धावत खाली येते तर बुवा हातात शेकोटीची सळई घेऊन एका जुन्या दाव्याचे तपकिरी झालेले कागद बाहेर ओढतायत. मला वाटलं, आता सामान बाहेर. पण त्यांनी मलाच उलटतपासणीला उभं केलं. ओव्हनमध्ये कागद असतील असं तुला वाटायचं काही कारण होतं का? नाही. मी तुला सांगितलं होतं का? नाही. मग ज्याला माहीत होतं आणि ज्याने सांगितलं नाही त्याचा दोष, निकाल तुझ्या बाजूने. असं म्हणून त्यांनी कागद झटकले आणि परत ओव्हनमध्येच ठेवले. नानकटाई मी शेवटी तव्यावर केली, ती कशी झाली ते विचारू नका.

आणि पारायण! दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आपल्या घराच्या विम्याची पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचायचे. घरात जो असेल त्याने ऐकायला बसायचं. मध्येच थांबून विचारायचे, हे वाक्य तुला काय वाटतं? मी म्हणायचे, मी वकील नाही. म्हणून तर विचारतोय, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशसुद्धा हेच करतो. कागद लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे बघत नाही, घेणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसाला वाचून काय कळलं असतं ते बघतो. तरी अर्थ लागला नाही, तर ज्याने कागद लिहिला त्याच्या विरुद्ध वाचतो, कारण नीट लिहिणं त्याच्या हातात होतं. आणि 'अमक्या वेळी आम्ही भरपाई देणार नाही' असं कंपनी म्हणत असेल तर ती अमकी वेळ आली होती हे पुराव्याने दाखवायचं काम कंपनीचं. एवढं तीन वाक्यांत सांगून झालं की उरलेला तासभर ते वाचत राहायचे आणि मी गॅसवर भात ठेवून आल्याची सबब शोधायचे.

माझ्या रजेच्या दिवशी ते मला कोर्टात घेऊन जायचे. कोणाचाही खटला असो, मागच्या बाकावर बसायचं, खिशातून अंड्याचं सँडविच काढायचं. एकदा एका शेतकऱ्याचा खटला ऐकला. गोठ्याचं छप्पर उडालं होतं. पॉलिसीत वादळाची भरपाई होती आणि कंपनी म्हणत होती की ते वादळ नव्हतंच. शेतकऱ्याला विचारलं, त्या दिवशी हवा कशी होती? या देशातली माणसं! तो खांदे उडवून म्हणाला, जरा वारं सुटलं होतं. झालं, कंपनीच्या वकिलाचा चेहरा खुलला. मग न्यायाधीशबाईंनी शांतपणे विचारलं, छप्पर सापडलं कुठे? तो म्हणाला, पलीकडच्या गावात, चर्चच्या मागे. सगळं कोर्ट हसलं आणि शेतकरी जिंकला. बाहेर आल्यावर बुवा म्हणाले, बघ, खरा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो.

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं, तोवर आमच्याच घरी आग लागली.

माझा मामेभाऊ, दादा, चिप बनवण्याच्या कारखान्यात इंजिनिअर. वहिनी नावन नावाच्या गावातल्या हॉस्पिटलात नर्स. दोघांनी नावनमध्येच घर घेतलं होतं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मामी एकटीच कराडजवळच्या गावात असायची. वहिनीच्या बाळंतपणासाठी ती आली, नातू झाला, आणि पाठोपाठ नवरात्र आलं. मामीने तिथेच घट बसवले. माती बागेतली, धान्य भारतीय दुकानातलं, झेंडू सुपरमार्केटमधले, आणि शेजारी गावाहून आणलेला पितळी दिवा, नऊ दिवस अखंड तेवायचा. मी तेव्हा सुट्टीवर पुण्याला होते. परत आले तोवर दसरा होऊन गेला होता आणि दादाच्या घराची पुढची खोली जळून कोळसा झाली होती. वरच्या मजल्यावरही आग गेली होती. पडदा उडून दिव्यावर आला होता. माणसं सगळी सुखरूप होती, देवीची कृपा.

दादा म्हणाला, त्या दुपारी ते सगळे बाळाला तपासायला हॉस्पिटलात गेले होते, घर रिकामं होतं. कंपनीच्या माणसालाही त्याने फोनवर तेच सांगितलं. कंपनीने पॉलिसीतलं एक कलम दाखवलं: घरात कोणी नसताना पेटती ज्योत सोडून गेलात आणि आग लागली तर भरपाई नाही. घर बंद, खिडक्यांना प्लास्टिक, कर्जाचे हप्ते चालूच. दादा, वहिनी आणि बाळ एका मित्राच्या घरात एका खोलीत दाटीवाटीने राहत होते, म्हणून मामी माझ्याकडे आली, म्हणजे बुवांकडे.

मामी बोलायचीच नाही. ही मामी, जी एसटीत शेजारच्या बाईचं माहेर कोणतं ते उतरायच्या आत काढून घेते! भाकरीचा तुकडा मोडून बसायची. लांब बाह्यांचं दादाचं जॅकेट घरातसुद्धा घालून. एकदाच तोंडातून निघालं, "माझ्या हातनं पोराचं घर जळालं गं." मी म्हटलं, अगं, तू तर हॉस्पिटलात होतीस. तिने जॅकेटची बाही आणखी खाली ओढली. मला वाटलं, दिवा लावलेला हिने म्हणून मनाला लावून घेतलंय.

बुवांशी मात्र तिचं जमलं. ती मराठीत बोलायची, ते इंग्रजीत, आणि दोघांचंही काही अडायचं नाही. पहिल्या रविवारी पारायणाला तीच हात जोडून बसली. अक्षर कळत नव्हतं, पण शेवटपर्यंत हलली नाही, आणि संपल्यावर बुवांच्या तळहातावर साखर ठेवली. इतकी वर्षं इतका चांगला श्रोता मला मिळाला नव्हता, असं ते मला टोमणा मारून म्हणाले.

संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तोच पितळी दिवा लावायची. बुवा चहा घेऊन समोर बसायचे. ती काडीने वात पुढे सारायची, ते बघायचे. मग ते तिला धक्क्यावर फिरायला चला म्हणायचे आणि ती नाही म्हणायची. पाऊस नाही, वारा नाही, तरी नाही. दिवा आपणहून शांत झाला की मग लगेच चप्पल घालून तयार. दोन-चार दिवस असं झाल्यावर बुवांनी मला विचारलं, ही आधी का येत नाही? मी सांगितलं, दिवा तेवत असताना ती उठून जाणार नाही, आणि फुंकर मारून विझवणार नाही. आमच्यात तसं करत नाहीत.

"आणि ते नऊ दिवसांचं जे असतं, त्यात?"

मी म्हटलं, त्यात तर घर रिकामं ठेवतच नाहीत. कोणीतरी घरात असावंच लागतं, दिवा जपायला.

हे माझ्या तोंडातून निघालं आणि माझं मलाच ऐकू आलं. आयुष्यभर ज्या घरात हे पाहिलं, त्या घरच्या मला ते सुचलं नव्हतं. बुवांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, तिला विचार, त्या दुपारी दिव्यापाशी कोण होतं. मी विचारलं. मामीने माझ्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दिव्याम्होरं खोटं बोलायला लावू नगंस बाय. पोराला इचार."

दादाला बोलावून घेतलं. तो आला, खुर्चीच्या काठावर बसला. मग बांध फुटला. मामी घरीच होती. ते तिघेच गेले होते. तो परतला तेव्हा ती शेजारच्यांच्या दारात उभी राहून छाती पिटत होती, माझ्या हातनं झालं, माझ्या हातनं झालं. आगीचं कळवलं तसा लगेच कंपनीचा फोन. "आईला कोणी काही विचारू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घर रिकामं होतं म्हटलं की कोणाचीच चूक नाही, असं वाटलं." तिलाही त्याने शपथ घातली, कोणाला बोलायचं नाही. इंजिनिअर माणूस! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते असं. मी चिडले होते, पण त्याचा चेहरा बघून चहाच ठेवला.

मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. बुवांच्या दाढीत हसू पसरत गेलं.

"आयुष्यभर मी माणसांना विमा मिळावा म्हणून खोटं बोलताना पाहिलंय," ते म्हणाले. "विमा बुडावा म्हणून खोटं बोललेला हा पहिलाच."

दादाची भीती वेगळी होती. आता खरं सांगितलं तर कंपनी म्हणणार, हा खोटारडा आहे, सोयीने गोष्ट बदलतो, आणि जे काय उरलंसुरलं तेही जाणार. बुवा म्हणाले, तसं कंपनी म्हणेलच, मी असतो तर मीही म्हटलं असतं. तरी त्याच संध्याकाळी दादाकडून खरं काय ते कंपनीला कळवलं. कंपनीने अगदी तसंच म्हटलं. बाहेरच्या बाहेर तक्रार मिटवणारं एक सरकारी कार्यालय आहे, तिथे जाऊया का, असं मी विचारलं. बुवा म्हणाले, नको, सरळ कोर्टात जाऊ, तुमच्या बाजूने मी उभा राहतो. तिथे बहुतेक कागदावरच बघतात, आणि मामी कागदावर दिसणार नाही. मग ते एकटेच बस धरून नावनला जाऊन आले. काय झालं, असं विचारलं तर, ग्रँड. याहून नेमका प्रश्न मला सुचला नाही, आणि म्हणून याहून जास्त मला कळलं नाही. असा राग आला होता!

व्हिसा संपत आला तशी मामी गावी गेली. तारीख लागली पुढच्या वर्षी, तेव्हा ती पुन्हा आली. व्हिडिओवरही साक्ष देता आली असती, पण ती म्हणाली, म्होरं उभी राहून सांगते. येताना बुवांसाठी डिंकाचे लाडू आणले. हिवाळ्यात पाण्यात जातात म्हणून.

बुवांनी इतकी वर्षं कंपन्यांच्या बाजूच्या बाकावर काढलेली. कोर्टात शिरल्यावर ते सवयीने तिकडेच निघाले होते, मी कोट ओढून वळवलं. उभं राहून त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं. माझा अशील खोटं बोललाय, ते म्हणाले, आणि समोरच्या वकिलांनी सांगण्याआधी मीच ते सांगतो. मग दादाला उभं करून सगळं वदवून घेतलं. दादाचे कान लाल झाले होते.

त्यानंतर त्यांनी शेजारच्या बाईंना बोलावलं. या नावनच्या, दादाच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. मी त्यांना ओळखतही नव्हते. त्या म्हणाल्या, दुपारी ओरडणं ऐकू आलं म्हणून दार उघडलं. यांच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून ज्वाळा येत होत्या, आणि रस्त्यात ही आजी उभी होती, आणि पदराच्या आडोशाला तिने एक पेटता दिवा धरला होता. त्यांनी आधी फायर ब्रिगेडला फोन केला, मग आजीला घरात घेतलं. दिवा ती खाली ठेवेना, तेव्हा टोस्टर आणि किटलीच्या मध्ये त्याला जागा करून दिली. दादा-वहिनी मित्राकडे गेले, पण आजी हलली नाही, दसरा होईपर्यंत सोफ्यावरच झोपली. तिचा डोळा लागला की दिव्यात तेल मी घालत होते, असं त्या म्हणाल्या. सूर्यफुलाचं. ते चालतं ना, असं त्यांनी मामीकडे बघून विचारलंही.

हे आधी कोणाला का सांगितलं नाही, असं कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. बुवा छताकडे बघत होते.

मग मामी. दुभाषा पुण्याचा, फार पुस्तकी बोलणारा. शपथ कशावर घेणार, असं विचारलं तर म्हणाली, देवीची शपथ उगा घ्यायची नसती, खरं बोलते म्हनलं की झालं. ते इथे चालतं. वकील गोड आवाजात विचारत गेला. नातवाला तपासायला तुम्ही का गेला नाहीत? दिवा हुता म्हणून. पण पडदा पेटला तेव्हा तुम्ही दिव्यापाशी नव्हता? स्वयंपाकघरात गेले हुते. म्हणजे दिवा सोडून गेलात? तेलाला गेले हुते, त्याच्याच. खिडकी कोणी उघडली? म्याच, धूप घातला की ते छताचं यंत्र बोंबलतंय. यावर न्यायाधीशांनी तोंडावर हात धरला.

मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला. पडदा पेटलेला, घर पेटायला लागलेलं, मुलाचं सगळं सामान समोर, आणि तुम्ही दिवा उचलून बाहेर आलात?

मामीने जॅकेटची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. माझ्याकडे इतके दिवस राहिली, मला एकदाही दिसू दिला नव्हता.

"पैल्यांदा पानी वतलं. घोंगडं टाकलं. ते काय इझंना," ती म्हणाली. "बाळ दवाखान्यात हुतं. घरात सांभाळायचं तेवढंच ऱ्हायलं हुतं."

दुभाष्याला ते इंग्रजीत सांगायला जरा वेळ लागला. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

निकाल जेवणानंतर लगेच दिला. न्यायाधीश म्हणाले, कलम आहे ते ज्योत पेटवून माणसं निघून जातात त्यांच्यासाठी आहे. इथे एक बाई नातवाबरोबर न जाता ज्योतीपाशी थांबली, ज्योतीसाठीच तेल आणायला उठली, आणि हात भाजून घेऊन तीच ज्योत रस्त्यावर घेऊन आली. तिथे कोणी नव्हतं, असं कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. कंपनीने आपलं म्हणणं सिद्ध केलेलं नाही. राहता राहिलं मुलाचं खोटं. ते मिळवण्यासाठी नव्हतं, आणि त्याने ते वेळेत मागे घेतलं, म्हणून दावा बुडत नाही. पण दादाला त्यांनी उभं करून जे झापलं, ते दहावीच्या मास्तरांनीही झापलं नसेल. कंपनीने भरपाई द्यावी.

मामी माझी बाही ओढत होती. काय म्हनलं, काय म्हनलं? मी सांगितलं, घर परत बांधून मिळणार. तिला ते नको होतं. "माझं काय म्हनलं?"

मी म्हटलं, मामी, तुझी चूक नाही म्हणाले.

"असं म्हनलं?" ती थांबली. "अजून येकदा सांग."

मी अजून एकदा सांगितलं. त्या रात्री ती दोन भाकऱ्या जेवली आणि एसटीतल्यासारखीच मोठमोठ्याने बोलत बसली. बुवांनी लाडवाचा डबा संपवला.

बुवा आता डून लेरीला नाहीत. घर विकून ते पश्चिम किनाऱ्यावर बहिणीकडे गेले. तिकडचा समुद्र जास्त थंड आहे, म्हणजे अर्थात ग्रँड आहे. ओव्हनमधले कागद बरोबर नेले. पण जाण्याआधीचं एक सांगायचं राहिलं.

घर दुरुस्त झाल्यावरच्या नवरात्रात वहिनीने घट बसवले. मामी गावाला होती, व्हिडिओवरून सूचना देत होती. दिवा तोच. एका रविवारी मी बुवांना घेऊन नावनला गेले. ते कोर्टातला सूट घालून आले होते. जेवणं झाली, आणि बाळाला अचानक सणसणून ताप भरला. वहिनी नर्स असून घाबरली. आईच ती. दादाने गाडी काढली, वहिनी बाळाला घेऊन बसली, तिला सोबत म्हणून मीही बसले. नंतर कळलं, साधाच ताप होता. पण हॉस्पिटलात बसलो असताना मामीचा फोन आला. तिने आधी बाळाचं विचारलं, आणि मग म्हणाली, "दिव्यापाशी कोन हाय?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीही कोणालाही काही सांगितलं नव्हतं. बुवांची बस तर केव्हाच निघून गेली असणार.

मी टॅक्सी करून परतले. खिडकी बंद होती. दिव्यासमोर खुर्ची टाकून बुवा बसले होते, कोट काढलेला, मांडीवर तेलाची बाटली, पायाशी पाण्याची बादली. वकील तो वकीलच. मी म्हटलं, मी आलेय आता, अजून एक बस आहे, गेलात तर सकाळचा समुद्र चुकणार नाही. ते हलले नाहीत. बाळ कसं आहे एवढंच त्यांनी विचारलं.

मला राहवलं नाही. "तुम्हाला बसायला कोणी सांगितलं?"

त्यांनी मांडीवरची बाटली सरळ केली. "कोणी नाही," ते म्हणाले. "कोणीच विचारलं नाही."

मामीला व्हिडिओवर फोन लावून मी मोबाइल त्यांच्याकडे वळवला. तिने डोळे बारीक करून खुर्ची पाहिली, बादली पाहिली, दिवा पाहिला, आणि म्हणाली, बुवा हाय नव्हं, मग घोर न्हाई. फक्त वात तेवढी जरा म्होरं सारा म्हनावं त्येस्नी.

मी ते इंग्रजीत सांगायच्या आत त्यांनी काडीने वात पुढे सारली होती.